मुलाचे दात आणि घरातली माणसं: नव्या पालकांसाठी पायरीपायरीने

तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडात काय जाईल, किती वेळा जाईल, ब्रश कोण हातात घेईल, डेंटिस्टकडे दुखण्याआधी नेलं जाईल की दुखल्यानंतर, यातलं काहीही ते मूल ठरवत नाही. ठरवतात ती घरातली मोठी माणसं. आणि ती ठरवतात आपल्या थकव्यातून, भीतीतून, प्रेमातून, लहानपणी स्वतःला लागलेल्या सवयींतून. म्हणूनच ‘गोड फार खातो’ एवढं सांगून मुलाच्या किडलेल्या दातांचा उलगडा होत नाही. गोड कोण देतं, कुठल्या वेळी देतं आणि त्या वेळी दुसरं काही का सुचत नाही, इथून सुरुवात करावी लागते.

2007 मध्ये सुसान फिशर-ओवेन्स आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या मौखिक आरोग्याची एक मांडणी प्रसिद्ध केली. तिच्यात जंतू, साखर आणि दात मधोमध आहेत, आणि त्यांच्याभोवती एकाबाहेर एक अशी मूल, कुटुंब आणि समाज यांची वर्तुळं आहेत. या लेखात आपण कुटुंबाच्या वर्तुळात, म्हणजे घरात, काम करणार आहोत. कारण आज संध्याकाळपासून बदलता येईल असं सगळ्यात जास्त तिथेच आहे.

तोंडात काय घडतं तेही थोडक्यात समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं लक्षात राहील. दातांवरच्या चिकट थरातले जंतू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच (आम्लता मोजणारा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताच्या आवरणातून खनिजं निघायला लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते, त्याला साधारण अर्धा तास लागतो. झोपेत लाळ फार कमी सुटते, म्हणून रात्री हे काम जवळजवळ बंद पडतं. दुधाच्या दाताचं आवरण कायमच्या दातापेक्षा बरंच पातळ, साधारण निम्मं असतं. त्यामुळे मोठ्यांच्या दातात जी कीड आत पोचायला काही वर्षं घेते, ती लहान मुलाच्या दातात काही महिन्यांत दाताच्या आतल्या नसेपर्यंत जाऊ शकते.

पायरी 1: ओठ उचलून बघा

पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही दात आलेले असतात. पहिला दात दिसल्यापासून महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, हे करा. मुलाचं डोकं आपल्या मांडीवर घ्या, पाय समोर बसलेल्या दुसऱ्या माणसाकडे. खिडकीजवळ बसा किंवा मोबाइलचा टॉर्च लावा. वरचा ओठ बोटाने अलगद वर उचला आणि वरच्या पुढच्या चार दातांची हिरडीला लागून असलेली कड पाहा. त्याच दातांची मागची बाजूही पाहा, तिथली कीड बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मग दाढांच्या खाचा.

हिरडीलगत खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण समजा. आधी दातावरचा थर कापडाने पुसून घ्या, कारण त्या थराखाली ती रेघ झाकली जाते. हा टप्पा मागे फिरवता येतो. खड्डा, तपकिरी डाग किंवा तुटलेली कड दिसली तर घरचे उपाय पुरणार नाहीत, डेंटिस्टची वेळ घ्या. हिरडीवर पुटकुळी दिसली तर मुळाशी पू झालेला असू शकतो, मग मूल दुखत नाही म्हणत असलं तरी थांबू नका.

दुखत नाही म्हणजे दात ठीक आहेत, हा समज सगळ्यात जास्त नुकसान करतो. दोन-तीन वर्षांच्या मुलाला ‘दात दुखतोय’ असं नेमकं सांगता येत नाही. ते एका बाजूनेच चावतं, कडक खायला नकार देतं, घास गालात धरून ठेवतं, रात्री उठून रडतं. घरात मग त्याला ‘हट्टी’ किंवा ‘खाण्याच्या बाबतीत त्रास देणारा’ ठरवलं जातं. असं वर्तन अचानक सुरू झालं तर रागवण्याआधी तोंड उघडून बघा.

पायरी 2: दोन दिवसांची नोंद ठेवा

एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस घ्या. पाण्याशिवाय जे काही मुलाच्या तोंडात जाईल, ते चार रकान्यांत लिहा: वेळ, पदार्थ, कोणी दिलं, कशासाठी दिलं. औषधाचं सिरपसुद्धा लिहा. पहिले दोन रकाने सगळेच विचारतात. खरी माहिती असते चौथ्या रकान्यात.

नोंद झाली की आधी फक्त वेळा मोजा. दिवसात पाच वेळा खाल्लं तर तोंडात आम्लाचे साधारण अडीच तास होतात आणि मधला वेळ लाळेला दुरुस्तीसाठी मिळतो. पण फळांचा रस झाकणाच्या कपातून दुपारभर घोट घोट प्यायला, तर मध्ये मोकळा वेळ उरतच नाही. म्हणून तीन जेवणं आणि मधली दोन खाणी, बाकी वेळी फक्त पाणी, असा हिशेब धरा. गोड द्यायचंच असेल तर जेवणासोबत द्या. त्या वेळी लाळ भरपूर सुटलेली असते.

प्रमाणाचाही अंदाज असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं, की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि 5 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर आणखी चांगलं. दिवसाला 1200 कॅलरी घेणाऱ्या मुलासाठी 5 टक्के म्हणजे फक्त 15 ग्रॅम, चार लहान चमच्यांपेक्षाही कमी. मध ‘नैसर्गिक’ असला तरी दातासाठी तो साखरच आहे. (एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर अजिबात देऊ नका. त्यामुळे बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते.)

आता चौथा रकाना वाचा. तिथे साधारण याच गोष्टी सापडतात: रडत होता म्हणून, मला फोनवर बोलायचं होतं म्हणून, झोपत नव्हती म्हणून, दिवसभर मी भेटलो नाही म्हणून, शहाण्यासारखी वागली म्हणून. प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे, आणि ‘गोड बंद’ हा यातल्या कशाचाच उपाय नाही.

शांत करण्यासाठी दिलं जात असेल तर रडण्याची वेळ पाहा. ती बहुधा भूक किंवा झोपेच्या अगोदरची असते. खाण्याची वेळ अर्धा तास अलीकडे आणली की बरेच प्रसंग आपोआप टळतात. स्वतःला मोकळा वेळ मिळावा म्हणून दिलं जात असेल, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण खाऊच्या जागी एक ठरावीक डबा ठेवा, ज्यातली खेळणी फक्त त्याच वेळी बाहेर निघतात. दिवसभर बाहेर राहिल्याच्या अपराधी भावनेतून खाऊ येत असेल, तर घरात पाऊल टाकल्यावर पहिली दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून फक्त मुलाबरोबर बसा. मूल दाराशी वाट पाहत होतं ते तुमची. खाऊ त्या वाट पाहण्याला नंतर चिकटला. बक्षीस म्हणून दिलं जात असेल तर बक्षीस बदला: चिकटवायचं चित्र, एक जास्तीची गोष्ट, रात्री कोणती चादर घालायची ते ठरवण्याचा मान. गोडाचं बक्षीस दुहेरी नुकसान करतं. दात तर जातातच, शिवाय ‘मन खूश करायचं तर गोड’ हा धडा आयुष्यभरासाठी पक्का होतो.

सिरपचं वेगळं बघा. मुलाला वारंवार औषध लागत असेल तर डॉक्टरांना साखर नसलेला पर्याय आहे का विचारा. औषध ब्रश करण्याआधी द्या, नंतर नको. दम्याचा पंप वापरल्यावर पाण्याने चूळ भरायला लावा, चूळ येत नसेल तर दोन घोट पाणी पाजा. आजारी मुलाच्या बाबतीत घर सैल पडतं हे स्वाभाविक आहे. दीर्घ आजारात मात्र ही सैल सवयच कायमची होऊन बसते.

पायरी 3: रात्रीची बाटली

लहान वयातल्या किडीचं मूळ बऱ्याचदा इथे सापडतं. दूध किंवा रस भरलेली बाटली तोंडात घेऊन झोपलेल्या मुलाचे वरचे पुढचे दात त्या द्रवात भिजत राहतात. खालचे पुढचे दात जीभ झाकते, म्हणून ते वाचतात. वरचे किडलेले आणि खालचे चांगले, असं दिसलं की कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही.

सहाव्या महिन्याच्या सुमारास उघड्या कपातून घोटभर पाणी द्यायला लागा आणि बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान बाटली पूर्ण सोडवा. वर्ष पूर्ण झालेल्या, नीट जेवणाऱ्या मुलासाठी पाणी वाढवत नेण्याची रीत चालते. दोन रात्री तीन भाग दूध आणि एक भाग पाणी, पुढच्या दोन रात्री निम्मं-निम्मं, मग दोन रात्री एक भाग दूध आणि तीन भाग पाणी, सातव्या रात्रीपासून नुसतं पाणी. दूध हवंच असेल तर ते संध्याकाळी जेवणासोबत कपातून. एक वर्षाखालच्या बाळाच्या फॉर्म्युला दुधात मात्र असं पाणी कधीही वाढवू नका, ते धोक्याचं आहे.

बिघडतं कुठे? बहुतेक घरांत चौथ्या-पाचव्या रात्री. मूल पाऊण तास रडतं, पहाटे कुणाला कामाला जायचं असतं, आणि घरातलं एक माणूस उठून पूर्ण दुधाची बाटली देतं. मूल त्यातून शिकतं की पाऊण तास रडलं की मिळतं. पुढच्या रात्री ते पाऊण तासाची तयारी ठेवूनच रडतं. म्हणून सुरुवातीची तारीख विचार करून ठरवा. घर बदलायचं असेल, दुसरं बाळ आलं असेल, मूल आजारी असेल किंवा घरात ताण असेल, तर दोन-तीन आठवडे थांबा. आठवडाभर रात्री उठण्याची पाळी कागदावर लिहून वाटून घ्या.

स्तनपानाबद्दल: दातांसाठी म्हणून ते बंद करू नका. पहिल्या वाढदिवसानंतर रात्रभर वारंवार पाजणं आणि दात न घासणं, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढतो. तुमच्या हातात दुसरी गोष्ट नक्की आहे, रात्री पाजण्याआधी फ्लोराइड (दाताला बळकटी देणारं खनिज) असलेल्या पेस्टने दात घासा.

पायरी 4: ब्रश कोणाच्या हातात

सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाच्या. मुलाला स्वतः करायची हौस असेल तर आधी त्याला करू द्या, पण शेवटचा हात मोठ्यांचा. दातांच्या मागे आणि हिरडीलगत बारीक हालचाल करण्याइतकं बोटांचं कौशल्य त्याआधी आलेलं नसतं. चार वर्षांचं मूल ‘मी घासले’ म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नाही. त्याने पुढचे चार दात खरंच घासलेले असतात.

पेस्टच्या नळीवर फ्लोराइडचं प्रमाण वाचा, ते किमान 1000 पीपीएम (दहा लाख भागांत 1000 भाग) असावं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरेशी आहे, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत दिसणारी ब्रशभर वळणदार पेस्ट लहान मुलासाठी कितीतरी पट जास्त असते. पेस्ट मोठ्यांनीच लावायची आणि नळी मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची. घासून झाल्यावर थुंकायचं, भरपूर पाण्याने चुळा भरायच्या नाहीत, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं.

पद्धत: मूल पाठमोरं तुमच्या मांडीत, डोकं तुमच्या छातीला किंवा मांडीवर टेकलेलं. एका हाताने ओठ-गाल बाजूला धरा. ब्रश हिरडीच्या कडेला थोडा तिरका ठेवून लहान लहान हालचाली करा. क्रम रोज तोच ठेवा, म्हणजे घाईतही काही सुटत नाही. वरचे पुढचे दात आधी, कारण मूल कंटाळण्याआधी ते व्हायला हवेत. मग दाढा, मग उरलेलं. दिवसातून दोनदा, दोन मिनिटं. शेजारचे दात एकमेकांना चिकटलेले असतील तर मध्ये फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा धागा) फिरवा. हिरडीतून थोडं रक्त आलं तर घासणं थांबवू नका. बहुतेक वेळा थर साचून हिरडी सुजलेली असते आणि नीट घासल्यावर एक-दोन आठवड्यांत बरी होते. तेवढ्याने थांबलं नाही तर दाखवा.

वेळ मात्र ‘झोपताना’ अशी ठरवू नका. झोपताना मूल चिडलेलं असतं आणि तुम्ही दमलेले. रात्रीचं जेवण झालं की लगेच, कपडे बदलण्याच्या आधी, असं आधीपासून रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला ब्रश जोडा. नव्या सवयीला अंगवळणी पडायला साधारण दोन महिने लागतात, काहींना त्याहून खूप जास्त. दहाव्या दिवशी भांडण झालं म्हणून पद्धत फसली असं समजू नका.

मूल तोंड घट्ट मिटून घेत असेल तर त्याला निवड द्या, पण दात घासायचे की नाही याची नव्हे. निळा ब्रश की पिवळा, डोकं छातीला टेकवायचं की मांडीवर. प्रत्येक भागावर दहापर्यंत मोठ्याने मोजा. शेवट कधी आहे हे कळलं की मूल बराच वेळ सहन करतं. चिडून, हात दाबून धरून ब्रश करू नका. एक रात्र साधेल, पण तोंडाजवळ येणारी प्रत्येक वस्तू मग धोक्याची वाटू लागेल, आणि तीच भीती डेंटिस्टच्या खुर्चीत भेटेल.

सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. कोणताही दात न पडता येते, म्हणून घरात ती दुधाचीच समजली जाते. ती कायमची असते. हिरडीतून अर्धी वर आलेली असताना तिच्या खाचांत अन्न सहज अडकतं, तेव्हा ब्रश आडवा धरून तिच्यापर्यंत पोचवा.

पायरी 5: मोठ्यांचा आपापसातला करार

घरात जितकी मोठी माणसं, तितके नियम असतील तर दात सगळ्यात सैल नियमानुसार चालतात. म्हणून मुलासमोर नाही, पण एकदा सगळ्यांनी बसून तीनच गोष्टी ठरवा: मधल्या वेळी पाणीच, रात्रीच्या ब्रशनंतर पाण्याशिवाय काही नाही, आणि रोज रात्रीचा ब्रश कोणाचा. या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका नावाचं असावं. ‘आम्ही दोघंही बघतो’ म्हणजे कंटाळलेल्या रात्री कोणीच बघत नाही.

आजी-आजोबा किंवा सांभाळणारी ताई यांच्याशी बोलताना फक्त मनाई सांगितली तर ती अपमानासारखी वाटते. त्यांच्या हातून खाऊ काढून घेताय तर त्या जागी दुसरं काही द्या. ‘आई, तुम्ही त्याला गोड देऊ नका’ यापेक्षा ‘आई, संध्याकाळची फळं आणि गोष्ट तुमच्याकडे राहू द्या, तो तुमचंच ऐकतो’ हे जास्त टिकतं. पांढरी रेघ त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दाखवा. दहा वेळा सांगून जे पटत नाही, ते ओठ उचलून दाखवल्यावर पटतं.

आईवडील वेगळे राहत असतील तर दोन्ही घरांत तोच ब्रश, तीच पेस्ट ठेवा आणि ब्रश कधी झाला ते लिहायची वही मुलाच्या पिशवीतून दोन्हीकडे जाऊ द्या. दातांच्या नोंदीवरून एकमेकांवर ठपका ठेवू नका. तसं झालं की वही खोटी भरली जाते.

घरातल्या मोठ्यांच्या तोंडात न भरलेले किडके दात असतील तर त्यांच्यावरही उपचार करून घ्या. किडीला कारण होणारे जंतू लाळेतून बाळापर्यंत पोचतात. पण म्हणून बाळाचा पापा घ्यायची भीती बाळगू नका. चमचे वेगळे ठेवण्याच्या धडपडीपेक्षा आईबाबांचे स्वतःचे दात नीट असणं आणि साखरेच्या वेळा कमी असणं यांचा उपयोग जास्त. मोठ्या भावंडाचे दात किडले असतील तर धाकट्याला पहिल्या दातापासून जास्त जोखमीचं समजा. दोघं एकाच घरात, एकाच सवयींत वाढत आहेत.

पायरी 6: तुमचं स्वतःचं मन

हा भाग पालक स्वतःहून कधी विचारत नाहीत, आणि डेंटिस्टही क्वचितच काढतात. आमच्या मते सगळं इथेच अडतं.

दीर्घ ताण, पैशांची चिंता, एकट्याने मूल वाढवणं, बाळंतपणानंतरचं नैराश्य यांत माणसाला पुढचं दिसत नाही, आजची रात्र पार पडली तरी पुष्कळ वाटते. अशा वेळी रात्रीचा ब्रश सगळ्यात आधी गळतो, कारण न केल्याचा परिणाम सहा महिन्यांनी दिसतो. यासाठी वाईट दिवसाचा किमान नियम आधीच ठरवून ठेवा: बाटलीत फक्त पाणी, आणि पेस्ट लावलेला ब्रश वरच्या पुढच्या दातांवर व दाढांवर तीस सेकंद. एवढंच. दोन मिनिटं जमत नाहीत म्हणून काहीच न करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, बाळाकडे बघवत नसेल, तर डॉक्टरांशी बोला. त्यात मुलाच्या दातांचीही काळजी आहे.

काही समजुती तपासून बघा. ‘दुधाचे दात पडणारच आहेत’ हे खरं, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत चावण्याचं काम करतात आणि हिरडीत वाढणाऱ्या कायमच्या दातांची जागा धरून ठेवतात. त्या लवकर गेल्या की शेजारचे दात सरकतात आणि नवे दात वाकडेतिकडे येतात. ‘आमच्या घराण्यात दात कमकुवतच’ हेही अनेकांच्या तोंडी असतं. आनुवंशिकतेचा थोडा वाटा असतो, पण घराण्यातून दातांबरोबर खाण्याच्या वेळा आणि ब्रशच्या सवयीही पुढे जातात. काही मुलांच्या दाढा मात्र हिरडीतून येतानाच पिवळट-तपकिरी डागांच्या, ठिसूळ असतात. तिथे तुमची चूक नसते. त्या दाढा दिसल्या की लगेच दाखवा, त्यांना वेगळी काळजी लागते.

पायरी 7: डेंटिस्टची पहिली भेट

पहिला दात आल्यावर, उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत. या वयात दुखत काहीच नसतं आणि हाच मोठा फायदा आहे. ज्या मुलाची पहिली भेट सुजलेल्या गालाने होते, त्याच्या मनात ती जागा आणि वेदना एकत्र बसतात.

वेळ सकाळची किंवा झोप झाल्यानंतरची घ्या. लहान बाळाला बहुतेकदा ‘गुडघ्याला गुडघा’ पद्धतीने तपासतात: तुम्ही आणि डेंटिस्ट समोरासमोर, मूल तुमच्याकडे तोंड करून तुमच्या मांडीत, आणि मग त्याचं डोकं मागे डेंटिस्टच्या मांडीवर. मूल रडलं तरी हरकत नाही, अर्ध्या मिनिटाचं काम असतं. थोड्या मोठ्या मुलाला आधी सांगणं, मग दाखवणं, मग करणं ही 1959 मध्ये मांडली गेलेली रीत आजही वापरतात. हात वर केला की डॉक्टर थांबतील, अशी खूण ठरवता येते का तेही विचारा.

घरी काय बोलता त्याला फार महत्त्व आहे. ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ हे कधीच म्हणू नका. ‘अजिबात दुखणार नाही’ हेही नको, कारण ‘दुखणं’ हा शब्द मुलाला तुमच्याकडूनच कळतो आणि उद्या थोडं दुखलं तर विश्वास जातो. ‘डॉक्टर तुझे दात मोजतील’ एवढं पुरे. तुम्हाला स्वतःला खुर्चीची भीती असेल तर पहिल्या भेटीला ज्याला भीती नाही अशा माणसाला पाठवा. पालकाच्या घट्ट झालेल्या हातावरून मूल धोका ओळखतं, शब्दांवरून नाही.

डेंटिस्टना खरं सांगा. ‘रात्री ब्रश होत नाही, मी नऊ वाजता घरी येते’ हे वाक्य डझनभर तपासण्यांपेक्षा उपयोगी आहे. रागावले जाण्याच्या भीतीने पालक ‘दोनदा करतो’ म्हणतात आणि मग सल्ला चुकीच्या घरासाठी दिला जातो. सगळं एकदम बदलायला सांगितलं तर थांबवा आणि विचारा, ‘यातली कोणती एक गोष्ट मी आधी करू?’ जिथे तुम्हाला अपमानित करून बोललं जातं तिथे तुम्ही पुढच्या वेळी जाणार नाही, हे स्वतःशी मान्य करा आणि दुसरा डेंटिस्ट शोधा. पण भेटी सोडू नका.

पांढऱ्या रेघांसाठी फ्लोराइड व्हार्निश लावतात. त्यात साधारण 22,600 पीपीएम फ्लोराइड असतं, थर अगदी पातळ असतो आणि काम काही मिनिटांत होतं. जोखमीनुसार ते दर तीन ते सहा महिन्यांनी परत लावतात. फार लहान किंवा घाबरलेल्या मुलाच्या उघड्या खड्ड्यांवर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे पातळ औषध लावून, ड्रिल न वापरता, कीड थांबवता येते. किडलेला भाग मात्र कायमचा काळा होतो. पुढच्या दातांवर तो दिसेल, त्यामुळे हे आधी घरात बोलून घ्या. लावल्यानंतर घरात ‘दात काळा केला’ म्हणून वाद झाला, तर पुढची भेट होत नाही.

थोडी मोठी मुलं

आठ वर्षांनंतर हात मुलाचा, नजर तुमची. वयात येणाऱ्या मुलांना किडीची भीती घालून उपयोग होत नाही. श्वासाचा वास, हसणं, स्वतःच्या शरीरावर स्वतःचा ताबा या गोष्टी त्यांना पटतात. मूल हात तोंडावर धरून हसत असेल, फोटोत ओठ मिटत असेल, तर वर्गात कोणी काही बोललं का ते हळूच विचारा. भावंडांसमोर दातांवरून चिडवणं घरात पूर्ण बंद करा, लाज वाटणारं मूल तोंड दाखवत नाही.

रात्री दात खाणं लहान मुलांत पुष्कळदा आढळतं आणि बहुतेकदा आपोआप थांबतं. नव्याने सुरू झालं असेल तर शाळेतला ताण आणि झोप दोन्ही बघा. अंगठा चोखण्यावरून तीन वर्षांखालच्या मुलाला रागावू नका. चार वर्षांनंतरही चालू असेल तर डेंटिस्टना दाखवा, कारण तोंड मिटल्यावरही वरच्या-खालच्या पुढच्या दातांत फट राहू लागते. ऑटिझम असलेल्या किंवा स्पर्श-चव सहन न होणाऱ्या मुलासाठी बिनचवीची, फेस न होणारी फ्लोराइड पेस्ट शोधा, ब्रशच्या पायऱ्यांची चित्रं भिंतीवर लावा आणि आठवडाभर फक्त ब्रश ओठाला टेकवण्यापासून सुरुवात करा.

कधी थांबायचं नाही

गाल किंवा जबडा सुजणं, सूज डोळ्याकडे किंवा मानेकडे जाणं, ताप, तोंड न उघडणं, गिळता किंवा श्वास घेता न येणं: यातलं काही असेल तर त्याच दिवशी, आणि श्वासाचा किंवा गिळण्याचा त्रास असेल तर थेट रुग्णालयात.

माहिती नसणं किंवा पोचता न येणं वेगळं, आणि दुखतंय हे माहीत असून, उपचार उपलब्ध असून मुलाला न नेणं वेगळं. हे दुसरं मुलाकडे केलेलं दुर्लक्ष मानलं जातं. शेजारी, शिक्षक किंवा नातेवाईक म्हणून असं दिसलं तर आधी अडचण विचारा: रजा मिळत नाही, पैसे नाहीत, दुसऱ्या मुलाला कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न आहे. बऱ्याच वेळा एका दुपारपुरतं धाकट्याला सांभाळलं की थोरला डेंटिस्टपर्यंत पोचतो.

तीन महिन्यांनी परत ओठ उचला

पांढरी रेघ होती तिथेच पाहा. दात पुसून कोरडा केल्यावर ती गुळगुळीत आणि चकचकीत दिसत असेल तर कीड थांबली आहे. थोडा पांढरेपणा कायम राहू शकतो. रेघ अजून निस्तेज, खडबडीत किंवा रुंद झाली असेल, तर मुलाला काही विचारू नका. पुन्हा दोन दिवसांची नोंद ठेवा आणि चौथा रकाना वाचा.